हेडफोनचा नाद : मते भिन्न का होतात?

एखाद्या वस्तूच्या वजनाविषयी दोघांत वाद झाला, तर तराजू आणावा म्हणजे तो मिटतो. कापडाच्या लांबीविषयीचा वाद गजाने मिटतो. नादाच्या गोडीविषयीचा वाद मात्र इतक्या सहजासहजी मिटत नाही. एकच हेडफोन एकाला मोकळा, निर्मळ आणि भरीव वाटतो. दुसऱ्याला तोच पोकळ, कोरडा आणि कर्कश वाटतो. दोघेही शहाणे असतात, दोघांचे कान शाबूत असतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. मग हा भेद उत्पन्न होतो कोठे? तो यंत्रात असतो, कानात असतो, की मनात? ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ जिज्ञासेपुरते महत्त्वाचे नाही. उंची हेडफोनची किंमत आज कित्येक हजार रुपयांपासून लाखाच्या वर जाते; आणि चुकीच्या समजुतीने कानावर जो ताण पडतो त्याची भरपाई पैशानेही होत नाही.

वादाचे स्वरूप

बेंगळुरू शहराच्या आग्नेय अंगाला कोरमंगल, आगर आणि इब्लूर ह्या भागांकडून निघून सर्जापूर गावापर्यंत जाणारा सर्जापूर रोड आहे. संगणक-उद्योगाच्या वाढीबरोबर ह्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या आणि देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे तेथे राहावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशाच एका इमारतीत दोन शेजारी राहतात अशी कल्पना करू. एक निवृत्त गृहस्थ मूळचे मिरजेकडील. ते पहाटे बंद खोलीत किराणा घराण्याचे गायन ऐकतात. दुसरा तरुण अभियंता. तो सकाळ-संध्याकाळ बसमधून जाता येता चित्रपटगीते ऐकतो. दोघांनी आळीपाळीने एकच हेडफोन वापरून पाहिला. गृहस्थ म्हणाले, "तंबोरा समोर ठेवल्यासारखा ऐकू येतो." तरुण म्हणाला, "ह्यात ढोलकीला जोरच नाही, काका."

हे दोन अभिप्राय परस्परविरुद्ध दिसतात. तथापि ते एकाच गोष्टीविषयीचे नाहीत, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल. हेडफोन जरी एक असला, तरी त्या दोघांच्या कर्णपटलावर पोहोचलेला नाद एक नव्हता.

हेडफोनची घडण

बहुसंख्य हेडफोनांची रचना मूलतः सोपी असते. एका पातळ पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटविलेले असते आणि ते वेटोळे चुंबकाच्या फटीत लोंबत असते. वेटोळ्यातून विद्युत्‌प्रवाह वाहू लागला की त्यावर चुंबकाचे बल कार्य करते. प्रवाह जसा बदलेल तसा पडदा मागेपुढे हलतो आणि हवेत लाटा उमटतात. काही हेडफोनांत वेटोळ्याऐवजी संपूर्ण पडद्यावरच वाहकाची नक्षी असते. काहींत पडदा विद्युत्‌भाराच्या आकर्षण-अपकर्षणाने हलतो. ह्या दुसऱ्या प्रकारचा हेडफोन जपानच्या स्टॅक्स कंपनीने 1960 साली विक्रीस आणला.

हेडफोनचा इतिहास शतकाहून जुना आहे. अमेरिकेतील नॅथनिएल बाल्डविन ह्याने 1910 च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात बसून बनविलेले हेडफोन अमेरिकी आरमाराने बिनतारी संदेशांसाठी घेतले. जर्मनीत 1937 साली बायर ह्यांचा गतिमान वेटोळ्याचा हेडफोन निघाला. जॉन कॉस ह्याने 1958 साली दोन्ही कानांना स्वतंत्र ध्वनी देणारा, संगीत ऐकण्यासाठी योजलेला हेडफोन पुढे आणला. 1968 साली सेनहायझर कंपनीने पाठीमागून उघडा असलेला हेडफोन विकावयास आरंभ केला, आणि 1979 साली सोनीच्या वॉकमनने हेडफोनला घराबाहेर रस्त्यावर आणले.

ह्यांपैकी उघड्या आणि बंद पाठीचा भेद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पडद्यामागील हवा मोकळी राहते. त्यामुळे नाद प्रशस्त वाटतो. पण अतिमंद्र स्वर बहुधा दुबळे राहतात आणि बाहेरचा आवाज आत शिरतो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज पुष्कळ अडतो. मंद्र स्वरांना जोर देणेही सोपे जाते, पण आतल्या पोकळीत अनुस्पंदन होऊन नाद कोंदट होण्याचा संभव असतो.

कान हाही यंत्राचाच भाग

ध्वनीच्या एका सेकंदातील कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात व ती हर्ट्झ ह्या एककात मोजतात. तरुण निरोगी कानाला साधारणतः 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंतचे नाद ऐकू येतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे 138 हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे 69 हर्ट्झच्या स्वरात मिळविलेली असते.

परंतु कान सर्व कंप्रतांना सारखाच दाद देत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी 1933 साली हे प्रयोगाने दाखवून दिले. 1,000 हर्ट्झचा नाद 40 डेसिबेलच्या पातळीवर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा 100 हर्ट्झचा नाद वाटण्यासाठी त्याची पातळी 60 डेसिबेलच्याही वर न्यावी लागते. आवाज जसजसा वाढवावा तसतशी ही तफावत कमी होते. ह्याचा अर्थ असा की हळू ऐकणाऱ्याला खर्ज क्षीण वाटतो आणि मोठ्याने ऐकणाऱ्याला तोच खर्ज भरदार वाटतो. हेडफोन तोच, ध्वनिमुद्रण तेच. केवळ आवाजाची कळ थोडी फिरली की नादाचा तोल बदलतो.

दुसरी गोष्ट कानाच्या आकाराची. कानाची नळी सुमारे 25 मिलिमीटर लांब असून आतील टोकाला कर्णपटलाने बंद झालेली असते. बासरीच्या पोकळीप्रमाणे तिचेही अनुस्पंदन होते आणि 3,000 हर्ट्झच्या आसपासचे नाद कर्णपटलाशी पोहोचेपर्यंत 10 डेसिबेलहून अधिक बळावतात. प्रत्येकाच्या नळीची लांबी व रुंदी थोडी निराळी असते. कानाच्या पाळीचे वळणही निराळे असते. 8,000 हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत चार सेंटिमीटरच्या किंचित वर असते. म्हणजे ती पाळीच्या आकाराशी तुल्य असते. अशा लाटा पाळीच्या घड्यांत परावर्तित होतात, काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी मारतात. म्हणून ज्या तार स्वराला एकजण टोकदार म्हणतो, तो दुसऱ्याच्या कानात खरोखरच मवाळ होऊन पोहोचतो.

तिसरी गोष्ट बसण्याची. हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट बसली नाही तर फटीतून हवा निसटते, आणि निसटलेल्या हवेबरोबर सर्वांत आधी मंद्र स्वर जातात. चष्म्याच्या काड्या, दाट केस, किंवा झिजलेली गादी एवढे कारण त्यास पुरते. आपल्या उदाहरणातील तरुण चष्मा लावीत असेल, तर ढोलकीचा जोर गादीखालच्या फटीतून निघून गेला असण्याचा चांगलाच संभव आहे.

चौथी गोष्ट वयाची. वयोमानाप्रमाणे उच्च कंप्रतेचे नाद प्रथम मावळू लागतात आणि हा ऱ्हास वरून खाली सरकत येतो. म्हणून तरुणाला बोचणारी तीक्ष्णता वृद्धाला बोचत नाही. कित्येकदा त्याला तिने स्पष्टताच लाभते.

'सपाट' म्हणजे काय?

ध्वनिवर्धकाची परीक्षा करताना तज्ज्ञ त्याचा आलेख काढतात. आडव्या रेषेवर कंप्रता व उभ्या रेषेवर पातळी मांडली आणि सर्व कंप्रतांना आलेख सपाट आला, तर ध्वनिवर्धक निर्दोष मानतात. हाच नियम हेडफोनला लावावा असे कोणासही वाटेल. परंतु तो येथे लागू पडत नाही.

समोरच्या गवयाचा किंवा ध्वनिवर्धकाचा नाद आपल्याकडे येतो तेव्हा तो डोके, खांदे व कानाची पाळी ह्यांवर आपटून, बदलून कर्णपटलापर्यंत जातो. मेंदूला जन्मापासून ह्या बदललेल्या नादाचीच सवय असते. हेडफोन मात्र कानालाच चिकटून बसतो, म्हणून हा बदल बव्हंशी टळतो. कर्णपटलापाशी अगदी सपाट नाद देणारा हेडफोन केला, तर तो ऐकणाऱ्याला मंद आणि गुदमरलेला वाटेल. सबब हेडफोनने तो बदल आपल्या नादात मुद्दाम मिसळावा लागतो. किती मिसळावा, ह्याविषयी तज्ज्ञांतही एकमत नव्हते. सर्व दिशांनी सारखा नाद येत असताना कानात जे घडते ते प्रमाण मानावे, असे मत 1980 च्या दशकात प्रबळ होते. पुढे, चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले ध्वनिवर्धक ऐकताना कानात जे घडते ते प्रमाण मानावे, असे मत पुढे आले.

मोजमापासाठी कृत्रिम कान व कृत्रिम मस्तक वापरतात. नोल्स कंपनीने 1972 साली तयार केलेले 'केमार' नावाचे मस्तक-धड ह्यांपैकी प्रसिद्ध आहे. त्याच्या कानातील सूक्ष्मध्वनिग्राहक हेडफोनचा आलेख देतो. तो आलेख उपयुक्त असतो. तथापि तो त्या मस्तकाच्या कानाचा आलेख असतो, वाचकाच्या कानाचा नव्हे, हे विसरता कामा नये.

तंबोऱ्याची कसोटी

भारतीय संगीत ऐकणाऱ्याला हेडफोन पारखण्याचे एक उत्तम साधन घरचेच आहे. ते म्हणजे तंबोरा. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित वक्र असते आणि तार व घोडी ह्यांच्या मध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या रचनेचे मर्म सांगितले. तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर नियमानुसार उमटू नयेत, तेथे छेडली तरी तंबोऱ्यात ते स्पष्ट उमटतात. कारण कंप पावणारी तार वक्र घोडीला पुनःपुन्हा स्पर्श करीत राहते. 1933 साली रामन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि पुढील वर्षी मृदंग-तबल्याच्या सुसंवादी उपस्वरांवरील त्यांचा विस्तृत निबंध त्याच शहरातून प्रसिद्ध झाला.

खर्जाच्या 69 हर्ट्झपासून आरंभ करून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला उपस्वरांचा हा समुदाय हेडफोनमधील उणीव उघडी पाडतो. मधला पट्टा दबला असेल तर खुली जवारी बंद वाटू लागते. वरचा पट्टा उचलला असेल तर गुंजारवाची झणझण होते. खालचा पट्टा फुगला असेल तर खर्ज गवयाच्या आवाजावर पसरतो. ज्याने पुष्कळ तंबोरे प्रत्यक्ष ऐकले आहेत त्याचा कान ह्या बाबतीत सुशिक्षित असतो. चित्रपटगीतात अशी कसोटी लावणे कठीण असते, कारण त्यातील नाद मुळातच यंत्रांवर घडविलेला असतो आणि त्याचे 'मूळ' कोणीच ऐकलेले नसते.

येथे आणखी एक अडचण आहे. ध्वनिमुद्रणाचा तोल साधणारा तंत्रज्ञही कोणत्यातरी ध्वनिवर्धकावर ऐकूनच तो साधतो. त्याचा ध्वनिवर्धक खर्जात दुबळा असेल, तर तो ध्वनिमुद्रणात खर्ज अधिक घालतो. मग आपण त्या ध्वनिमुद्रणावरून हेडफोनची परीक्षा करतो आणि हेडफोनलाच दोष देतो. 1937 साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांत तार टोकाचे नाद मुळीच उमटलेले नाहीत. तेथे वरचा पट्टा उचलणारा हेडफोन गायनात भर न घालता केवळ सुईची खरखर वाढवितो.

सभोवारचा गोंगाट

आता आपल्या तरुण अभियंत्याकडे वळू. रहदारीच्या वेळी सर्जापूर रोडवर बसमध्ये बसलेल्या माणसाच्या कानावर इंजिनाची घरघर सतत पडत असते. अशा गोंगाटाचे बळ मुख्यतः खालच्या कंप्रतांत असते. एक नाद दुसऱ्या नादाला झाकून टाकतो आणि झाकला जातो तो बहुधा त्याच पट्ट्यातील किंवा त्याच्या वरच्या पट्ट्यातील नाद. घरघरीने ढोलकीचा ठेका झाकला, तर उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ढोलकी दुबळीच वाटणार. पहाटेच्या शांत खोलीत बसलेल्या गृहस्थांना ही अडचण नसते. दोघांच्या अभिप्रायांतील मोठा भाग ह्या एका कारणाने उलगडतो.

गोंगाट दूर सारण्याचे दोन उपाय आहेत. बंद पाठीचा किंवा कानात बसणारा हेडफोन नादाला वाटेतच अडवितो. हा उपाय वरच्या कंप्रतांना चांगला लागू पडतो. दुसऱ्या उपायात बाहेरचा गोंगाट सूक्ष्मध्वनिग्राहकाने टिपून त्याच्या उलट लाट हेडफोनच उत्पन्न करतो आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. ही युक्ती खालच्या कंप्रतांत, साधारणतः 1,000 हर्ट्झच्या आत, अधिक यशस्वी होते. अमर बोस ह्यांना ही कल्पना 1978 साली विमानप्रवासात सुचली आणि 1989 साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला.

डोळ्यांनी ऐकणे

आतापर्यंत सांगितलेली कारणे यंत्रात किंवा कानात होती. पण मनाचाही वाटा लहान नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह ह्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 40 श्रोत्यांनी चार ध्वनिवर्धकांना गुण दिले. एकदा ते डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून. ध्वनिवर्धक दिसत असताना त्यांचा आकार, किंमत व कीर्ती ह्यांचा गुणांवर मोठा परिणाम झाला. पडद्याआड तो परिणाम ओसरला आणि ध्वनीतील खरे भेद अधिक स्पष्टपणे कळले. हे श्रोते त्याच उद्योगातील होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

हेडफोनच्या बाबतीत पडदा टाकून भागत नाही. कारण वजन व गादीचा स्पर्श ह्यांवरून हेडफोन ओळखता येतो. म्हणून ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती योजली. श्रोत्याच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवावयाचा आणि निरनिराळ्या हेडफोनांचे आलेख संगणकाद्वारे त्याच्यावर उमटवावयाचे. असे केले म्हणजे श्रोत्याच्या हाती केवळ नाद उरतो.

फसगतीचे आणखी एक साधे कारण म्हणजे आवाजाची पातळी. दोन हेडफोनांपैकी एक अगदी थोडासा मोठा वाजत असेल, तर तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. दुकानात तुलना करताना ही चूक सर्रास होते. त्याचप्रमाणे नवा हेडफोन काही दिवस वाजविला की तो 'खुलतो' अशी समजूत आहे. गादी मऊ होऊन नीट बसू लागते हे खरे. परंतु पुष्कळदा हेडफोनपेक्षा ऐकणाऱ्याचे कान-मनच नव्या नादाला सरावलेले असते.

सांगलीचा जुना वाद

कान प्रमाण मानावा की यंत्र, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींची कंप्रता ठरविण्याचा प्रयत्न केला आणि 1910 साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. ह्या कामी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कंठाचे व कानाचे साह्य लाभले. मुलकी सेवेतील अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्यांनी तो विचार पुढे चालविला, 1913 साली ग्रंथ लिहिला आणि श्रुतींचा हार्मोनियमही करवून घेतला. 1916 साली बडोद्यास महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे ह्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे हा हार्मोनियम पुढे ठेवला गेला. पण जमलेल्या कलावंतांचे त्याच्या स्वरांवर मतैक्य झाले नाही.

ह्या प्रसंगाचा बोध असा की यंत्राने सांगितलेली कंपनसंख्या खोटी नव्हती आणि गवयांचा कानही खोटा नव्हता. यंत्र एका स्वराची एक जागा दाखवीत होते; गवई राग व मागचापुढचा स्वर ध्यानात घेऊन ती जागा किंचित हलवीत होते. काय मोजले हे स्पष्ट केले, की मोजमाप व अनुभव ह्यांतील विरोध पुष्कळ अंशी मावळतो. हेडफोनच्या वादातही हेच सूत्र उपयोगी पडते. आलेख नादाचा तोल सांगतो. तो तोल कोणाला, कोठे आणि किती आवाजावर रुचेल, हे तो एकटा सांगू शकत नाही.

अभिरुचीची मोजणी

तरीही अभिरुची म्हणजे निव्वळ अराजक नव्हे. ऑलिव्ह, वेल्टी व मॅकमलन ह्यांनी कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन ह्या देशांतील 238 श्रोत्यांवर केलेला प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. वय, देश आणि ऐकण्याचा सराव भिन्न असूनही, चांगल्या खोलीतील चांगल्या ध्वनिवर्धकासारखा तोल असलेला हेडफोन सर्वसाधारणपणे पसंत पडला. 2018 सालच्या दुसऱ्या अभ्यासात श्रोत्यांचे तीन वर्ग दिसून आले. 64 टक्के श्रोत्यांना हा प्रमाण तोल आवडला. 15 टक्क्यांना त्याहून अधिक खर्ज हवा होता. 21 टक्क्यांना कमी खर्ज हवा होता. कमी खर्ज पसंत करणाऱ्यांत स्त्रिया व पन्नाशीपुढील श्रोते ह्यांचे प्रमाण तुलनेने अधिक होते.

हे संशोधन ज्या हर्मन कंपनीत झाले ती स्वतः हेडफोन विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. प्रयोगाची रीत उघडपणे मांडलेली असल्यामुळे इतरांना ती तपासता येते, हीच त्यावरील योग्य खबरदारी होय. भारतीय रागसंगीत ऐकणाऱ्यांची अभिरुची ह्या चार देशांच्या श्रोत्यांवरून ठरत नाही, हेही उघड आहे.

किमतीविषयी एक निष्कर्ष मनन करण्याजोगा आहे. येरून ब्रेबार्ट ह्यांनी 283 हेडफोनांचे आलेख व किंमती ह्यांची तुलना करून 2017 साली दाखविले, की नादाचा तोल आणि विक्रीची किंमत ह्यांत काहीही मेळ आढळत नाही. महाग हेडफोन अधिक टिकाऊ, अधिक हलका किंवा अधिक देखणा असू शकेल. तो अधिक खरा नाद देईलच असे किमतीवरून म्हणता येत नाही.

निवड आणि जपणूक

ह्या सर्व विवेचनातून व्यवहाराचे काही नियम निघतात. दुसऱ्याचा अभिप्राय वाचताना प्रथम त्याची परिस्थिती विचारावी : तो काय ऐकतो, कोठे ऐकतो, किती मोठ्याने ऐकतो? तुलना करताना दोन्ही हेडफोनांची पातळी सारखी करावी. शक्य तर दुसऱ्याच्या हाती कळ देऊन, कोणता वाजतो हे न पाहता ऐकावे. परिचित ध्वनिमुद्रण घ्यावे, विशेषतः ज्या वाद्याचा मूळ नाद आपण प्रत्यक्ष ऐकला आहे असे. गादी नीट बसली आहे ना, हे पाहावे. हेडफोनचा विद्युत्‌विरोध पाहावा. 300 ओहमचा हेडफोन हातातील दूरध्वनीवर पुष्कळदा पुरेसा मोठा वाजत नाही, आणि तेवढ्यावरून त्याला दुबळा ठरविणे अन्यायाचे होते.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. गोंगाटात खर्ज ऐकू येईना म्हणून आवाज वाढवीत जाणे हा वादाचा निकाल नव्हे. तो कानाचा नाश होय. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढाने 80 डेसिबेलच्या पातळीवर आठवड्यास 40 तासांपर्यंत ऐकावे. मुलांसाठी ही पातळी 75 डेसिबेल ठेवावी. दर 3 डेसिबेलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा काळ निम्मा करावा लागतो : 83 डेसिबेलला 20 तास, 86 डेसिबेलला 10 तास. बसमधून जाणाऱ्या तरुणाने उघड्या पाठीच्या हेडफोनचा आवाज वाढविण्याऐवजी गोंगाट अडविणारा हेडफोन घेतला, तर त्याला ढोलकीही ऐकू येईल आणि कानही सुरक्षित राहतील. मात्र रस्ता ओलांडताना त्याने तो काढून ठेवावा.

आपल्या आवडीविषयी प्रत्येकाने निःशंक असावे. तिला विज्ञानाच्या दाखल्याची गरज नाही. पण 'मला आवडतो' आणि 'तो खरा आहे' ही दोन विधाने निराळी आहेत. पहिल्याचा न्याय ज्याचा त्याने करावा. दुसऱ्याचा न्याय करण्यासाठी पातळी सारखी हवी, डोळे झाकलेले हवेत आणि मोजमाप स्वच्छ हवे. हा भेद ज्याला उमगला, तो विक्रेत्याच्या शब्दाला भुलत नाही आणि शेजाऱ्याच्या कानालाही नावे ठेवीत नाही.